मोठ्या धक्क्याचं नाव

२ फेब्रुवारी

विहीणबाई,

जमीन जागेवर असताना हे पत्र आपल्या हाती पडो, ही सदिच्छा.

फोन करता आला असता. पण फोनवर माणसे नुसती 'हो, हो' म्हणतात आणि ठेवून देतात. कागदावर विचारले की उत्तर द्यावे लागते.

आपल्या गावाला पुन्हा हादरे बसल्याचे वर्तमानपत्रात वाचले. शिवाय अवेळी वादळ झाले म्हणे. बातमी आतल्या पानावर होती आणि तिची शेवटची ओळ अशी होती : 'नागरिकांनी याची मजा लुटली.' मी जन्मभर शाळा चालवली. मजा लुटणारी मुले मला लांबून ओळखू येतात. त्यांचा गृहपाठ झालेला नसतो.

माझा मुलगा लिहितो, 'सगळे ठीक आहे.' हे वाक्य तो पाचवीपासून लिहीत आला आहे आणि तेव्हाही ते खरे नसे. आता सूनबाईंना दिवस गेले आहेत. खाली आपले कपबशांचे दुकान, त्यावर माझ्या मुलाचा दातांचा दवाखाना, आणि दवाखान्याच्या डोक्यावर त्या दोघांचा संसार. हा मनोरा डोळ्यांपुढे आला की माझे कशात लक्ष लागत नाही.

आमचे हे गेल्यापासून माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. या गावात दातांचा डॉक्टर नाही. सूनबाईंच्या वेधशाळेची शाखा येथेही आहे. जमीन कातळाची आहे आणि माझ्या आठवणीत एकदाही हललेली नाही. आपण समजूतदार आहात. लेकीला मोकळे करावे, ही विनंती.

आपली,
विहीण


९ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र पोचलं. तुमचं अक्षर इतकं शिस्तीचं, की वाचताना मी पदर सारखा करून ताठ बसले. माझं अक्षर डुगडुगतंय असं वाटलं तर भूकंपाला बोल लावू नका. ते जन्मापासून तसंच आहे.

लेकीला मी बांधून ठेवलेलं नाही. दावी-दोरखंड मी विकत नाही, कपबशा विकते, आणि हल्ली त्याही खपत नाहीत. सगळं गाव स्टीलच्या पेल्यांवर गेलंय. समोरचा भांडीवाला दर धक्क्यानंतर रस्ता ओलांडून येतो आणि तोंड एवढंएवढंसं करून विचारतो, "ताई, काय काय शिल्लक राहिलं?" मी म्हणते, "जीभ राहिलीय. दाखवू?"

वादळाचं तुम्ही चार ओळीत वाचलंत, मी डोळ्यांनी बघितलं. भर दुपारी आकाश वांग्यासारखं काळंजांभळं झालं आणि वारा असा सुटला, की कोपऱ्यावरच्या न्हाव्याची पाटी उडून थेट दवाखान्याच्या गॅलरीत अडकली. 'दाढी व कटिंग. काम गुळगुळीत.' दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा खुर्चीत येऊन बसले. जावयांनी विचारलं, काय दुखतंय? बाबा म्हणाले, "पाटी वाचली. दाढी राहू द्या, तेवढी दाढ करा."

माझ्या लेकीच्या मागे तर गाव हात धुऊन लागलंय. वेधशाळेत फोन येतात, "आज किती वाजता हलणार? पाहुणे जेवायला यायचेत." ती सांगते, अहो, आम्ही पाऊस-वारा सांगतो, जमिनीचं आमच्याकडे नाही. तर एकजण म्हणाला, "म्हणजे वरचं खातं तुमचं आणि खालचं रामभरोसे?"

नगरपालिकेचं ऐका. जमीन हलते की नाही हे ठरवायला बैठक बसली. नगराध्यक्षांचं म्हणणं, खाणीवरचे ट्रक जातात, त्याने तसं वाटतं. ठरावाला मंडळींनी हात वर केले आणि नेमका तेव्हाच बसला धक्का. अख्खी सभा टेबलाखाली. ठराव तिथेच मंजूर झाला : जमीन हलत नाही. कारकून ओणवा होऊन सह्या घेत फिरला. नगराध्यक्ष पार आत, भिंतीला चिकटलेले. त्यांच्या सहीसाठी त्याला रांगत जावं लागलं.

लहान धक्क्याला एक आणि मोठ्याला एक, अशी गावाने नावंही ठेवलीत. ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत.

जावई धीराचे आहेत, काळजी नसावी. एकदा दात काढताना मोठा धक्का बसला. पेशंट पळाला, पण जावई जागचे हलले नाहीत.

तुमची,
विहीण


१८ फेब्रुवारी

विहीणबाई,

आपले पत्र दोनदा वाचले. एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दुसऱ्या वाचनाला जास्त वेळ लागला.

आपल्या गावातील लोक विनोदी आहेत हे समजले. परंतु मी खोल्यांविषयी विचारले होते आणि आपण मला न्हाव्याची पाटी सांगितलीत. वर्गात उत्तर येत नसले की मुले असेच करतात.

आता स्पष्टच लिहिते. माझ्या मुलाचे गेल्या आठवड्यात पत्र आले. त्यातील वाक्य जसेच्या तसे उतरवते : 'मी उद्यासुद्धा निघेन, पण हिची आई हिला सोडत नाही. विषय काढला की त्या रडायला लागतात.'

आपल्या पत्रावरून आपण रडणाऱ्या वाटत नाही. पण अश्रू कोणाचे कसे असतात हे बाहेरच्याला काय कळणार? एक आई म्हणून सांगते, आपल्या सोबतीसाठी एका न जन्मलेल्या बाळाला फडताळाखाली ठेवणे बरे नव्हे.

आपली,
विहीण


२३ फेब्रुवारी

विहीणबाई,

मी रडते? मी?

यांच्या माघारी हे दुकान मी एकटीने चालवलं. माल फुटला, गिऱ्हाईक फुटलं, माझ्या डोळ्यातून टिपूस नाही. कांदा चिरताना येतं तेवढंच, आणि त्याचा जावयांशी संबंध नाही.

आता माझंही ऐका. तुमच्या चिरंजीवांनी आम्हाला काय सांगितलंय? 'आईला शांतता लागते. रडकं मूल तिला सहन व्हायचं नाही. तिने तसं स्पष्ट कळवलंय.' हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच कपातला चहा पीत सांगितलं. माझ्या लेकीने तुमच्या गावच्या शाखेत बदली मागायचा अर्ज कधीच लिहून ठेवलाय. जावई म्हणतात, थांब, आईची तब्येत बरी नाही, तिला आत्ता त्रास नको.

तुमची तब्येत कशी आहे हो? अक्षरावरून तरी दणदणीत दिसते.

म्हणजे बघा. लोक दोन दगडांवर पाय ठेवतात. आपल्या या बहाद्दराने दोन दगड एकमेकांवर घासत ठेवलेत आणि स्वतः ऊब घेत मधे बसलाय. मी तुम्हाला कजाग समजत होते, तुम्ही मला रडूबाई समजत होता, आणि हा वरच्या मजल्यावर लोकांना सांगतोय, 'मोठा आ करा.'

मी अजून तोंड उघडलेलं नाही. लेकीलाही बोलले नाही. तुम्ही सांगाल तसं.

तुमची (कोरड्या डोळ्यांची),
विहीण


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

माझी तब्येत उत्तम आहे. बाळाबद्दल मी असे काहीही कळवलेले नाही. पाळणा कुठे ठेवायचा हेही मी ठरवून ठेवले होते.

येत्या गुरुवारच्या बसने निघत आहे. त्याला सांगू नये. पूर्वसूचना दिली की तपासणीत सगळेच वर्ग स्वच्छ सापडतात.

वि.


८ मार्च

विहीणबाई,

कुठे आहात?

गुरुवारी बसस्टॉपवर मी तीन बसगाड्या उतरवून घेतल्या. तिसरीच्या कंडक्टरने मला विचारलं, तुम्ही खात्याच्या का? मग कळलं, अर्ध्या वाटेवर गारांचं वादळ झालं आणि रस्ता बंद पडला. गारा म्हणे लिंबाएवढ्या. आमच्या गावचे काही लोकही तिकडेच अडकले होते, ते दुसऱ्या दिवशी हसत-खिदळत परत आले. तुम्ही नाही.

तुमच्या घरी फोन वाजतो, कोणी उचलत नाही. जावयांना अजून काही सांगितलेलं नाही, पण आता सांगावं लागेल. दोन शब्द लिहा. चुका काढल्यात तरी चालेल.

तुमची,
विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

मी सुखरूप आहे आणि माझ्या घरी आहे.

गारा सुरू झाल्या तेव्हा बस एका आडगावच्या स्थानकात शिरली. पत्र्याचे छप्पर, खाली बाके, एक चहावाला. आपल्या गावची मंडळी तिथे आधीपासून बसली होती. आपला न्हावी होता. एक शिंपीणबाई होत्या. आपले गाव विनोदी आहे हे आपण लिहिले होते, ते खरेच आहे. पत्र्यावर असा मारा चालू असताना एखादा घाबरला असता. ही माणसे एकमेकांना टाळ्या देत होती.

जोराची एक सर आली आणि छप्पर थरथरले. सगळे एका सुरात ओरडले, "आईचं पत्र आलं!" आणि हसत सुटले.

मी विचारले, हे काय आहे? न्हाव्याने मला मोठ्या प्रेमाने समजावून दिले. आपल्या गावात एक दातांचे डॉक्टर आहेत. पहिला मोठा भूकंप झाला तेव्हा ते कोणाचा तरी दात काढत होते. हातातला चिमटा टाकून ते पेशंटच्या खुर्चीखाली शिरले आणि ओरडले, "आई आली! आई आली!" अंग अडकल्यामुळे त्यांना बाहेर काढायला दोन माणसे लागली. आपण लिहिले होते की ते जागचे हलले नाहीत. वाक्य अचूक होते.

तेव्हापासून गावात मोठा धक्का म्हणजे 'आई आली' आणि लहान धक्का म्हणजे 'आईचं पत्र आलं'.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कोण?" मी म्हणाले, शिक्षिका होते. न्हावी म्हणाला, "मग तुम्हाला बरोबर कळेल. त्याची आईपण मास्तरीणच आहे म्हणे. फार कडक." आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसले. न हसणारी मी एकटीच राहिले असते तर त्यांनी ओळखले असते.

सकाळी रस्ता मोकळा झाला. त्यांची बस पुढे गेली. मी परतीची धरली.

आपल्याला ही नावे ठाऊक होती. आता पत्र पाठवू नये. मीही पाठवणार नाही. माझ्या पत्राला आपल्याकडे काय म्हणतात ते मला समजले आहे.

वि.


२६ मार्च

विहीणबाई,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितेय. पुढचं वाचल्यावर फाडून टाका.

आधी हे, की सगळे जिवंत आहेत. लेक वेधशाळेत होती, तिला आणि पोटातल्याला काही झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी दुकानात नुकतीच फडकं मारत होते आणि बसला. आजवरच्या सगळ्यांचा बाप. फडताळं एकेक करून पुढे आली, जशी काही मला भेटायला निघालीत. मी माल बांधायच्या टेबलाखाली शिरले. वरून जिन्यात धाडधाड पावलं वाजली. सगळ्यात पहिले बाहेर पळाले ते आपले डॉक्टर. तोंडावर मास्क तसाच. त्यांच्या मागून पेशंट, गालात कापूस कोंबलेला. हे मी बघितलं नाही, मागून सगळ्या गल्लीने मला करून दाखवलं.

पण रस्त्यात पोचल्यावर त्यांनी माणसं मोजली आणि मी दिसले नाही. भांडीवाला सांगतो, डॉक्टर उभ्या जागी थरथरत होते, दात वाजत होते, आणि तसेच मागे वळून दुकानात शिरले. "ताई कुठायत?" म्हणत काचांवरून चालत आले, मला ओढायला लागले, तोवर दुसरा बसला. दारातलं फडताळ आडवं झालं आणि वाट बंद. मग तेही टेबलाखाली, माझ्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन.

मी म्हटलं, "आज हाक नाही मारलीत ती?"

त्यांनी गुडघे आणखी जवळ घेतले. मग मीच सांगितलं. सगळं. तुमचं-माझं काय बोलणं झालं ते, तुम्ही निघाला होतात ते, अर्ध्या वाटेवर तुम्ही काय ऐकलंत आणि परत फिरलात ते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"तिने ऐकलं?"

"सगळं. हसल्याही त्यात."

बराच वेळ वरून माती गळत होती. मग ते म्हणाले, "शाळेत ती माझी मुख्याध्यापिका होती. दिवसभर वाटायचं, शाळा सुटली की आई भेटेल. घरी जायचो, तर तिथेही मुख्याध्यापिकाच."

मी म्हटलं, "म्हणून आम्हा दोघींना असं झुलवलंत? त्या नकोत तुम्हाला?"

"नको कशी असेल? भीती वाटते."

"या जमिनीपेक्षा?"

"जमीन थांबते हो," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. ती नावं मला ठाऊक होती, विहीणबाई. पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळ्यात जोरात हसले ती मीच. तोवर तुम्ही मला एक कडक अक्षर होतात, माणूस नव्हतात. रागवायचा तुमचा हक्क आहे.

भांडीवाल्याने पहार घालून दार फोडलं आणि आम्हाला बाहेर काढलं. सगळी गल्ली रस्त्यात बसली होती आणि कोणीही काही बोलत नव्हतं. हे गाव गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि सांगते, हलण्यापेक्षा ते वाईट. शेवटी भांडीवाल्याने माझ्या दुकानात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, एक बशी अख्खी आहे. पण जोडीचा कप नाही." मी त्याला अशी शिवी हासडली की सगळ्यांना पुन्हा कंठ फुटला.

नगरपालिकेने नवा ठराव केलाय, की ट्रक सावकाश चालवावेत.

जावई आज सकाळी बसमध्ये बसले. तुमच्याकडे निघालेत. कोणी सांगितलं नाही, आपले आपण. हे पत्र त्यांच्या आधी पोचेल की नंतर, देव जाणे. दार उघडा म्हणजे झालं.

तुमची,
विहीण


४ एप्रिल

विहीणबाई,

तो आधी पोचला, तुमचे पत्र दुसऱ्या दिवशी.

मी व्हरांड्यात खुर्च्या पुसत होते. फाटकाशी कोणी उभे दिसले. केसांत धूळ, पायाच्या बोटाला पट्टी. तो आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "आत येऊ का?"

स्वतःच्या घरात. मी म्हणाले, "ये."

तो बसला नाही. उभ्यानेच, पाठ केल्यासारखे सांगून टाकले, की ते दोघे इथे राहायला येणार नाहीत. बायकोची आई रडते हे खोटे होते, माझी तब्येत हे खोटे होते. त्यालाच यायचे नव्हते, आणि ते सांगण्याची छाती नव्हती.

आता तुमच्यापाशी काय लपवायचे? मला वाईट वाटायला हवे होते, पण मी पहिली पकडली ती त्याची चूक. म्हणाले, "पाचवीपासून तुझी हीच सवय. आधी खोटं, मग कबुली, आणि वर अपेक्षा अशी, की..."

आणि तो ओरडला. "तू ऐकणार आहेस का एकदा तरी? गप्प बस ना तू! जरा गप्प बस!"

शेजारचे गृहस्थ झारी घेऊन कुंपणाशी आले. त्यांच्या हातातले पाणी चपलेवर पडत होते, तरी त्यांना कळले नाही. या गल्लीत एवढा आवाज कधी झाला नव्हता, आणि माझ्या घरातून तर नाहीच.

मी खरोखर गप्प बसले. राग आला म्हणून नव्हे. विहीणबाई, तो मला 'तुम्ही' म्हणतो. माझ्या शाळेत आला त्या दिवशी मीच बजावले होते, इथे मला 'तुम्ही' म्हणायचे आणि 'बाई' म्हणायचे, नाहीतर बाकीच्या मुलांना वाटेल मी भेदभाव करते. ते शाळेपुरते होते. घरी ते रद्द करायचे माझ्याकडून राहून गेले. मुलगा मोठा झाला, डॉक्टर झाला, लग्न झाले, आणि 'तुम्ही' तसेच राहिले. इतक्या वर्षांनी 'तू' ऐकले ते असे, शेजाऱ्यांसमोर, खेकसून.

तो बोलत राहिला. बरेच बोलला. सगळे इथे लिहीत नाही. काही मला पटले नाही आणि मी तसे सांगितले, त्यावर तो पुन्हा ओरडला, मग मीही ओरडले. शेवटी दोघांचे घसे बसले, तेव्हा मी चहा टाकला. साखर विसरले. त्याने तो तसाच संपवला.

मग मी ते नाव काढले. तो खाली बघून म्हणाला, "माणूस घाबरला की 'आई गं' म्हणतोच. मी 'आई आली' म्हणालो. काय एवढा फरक आहे?"

"क्रियापदाचा," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले, आणि हसला. मग मलाही आवरेना. शेजारचे गृहस्थ अजून तिथेच होते. आम्ही भांडत होतो तेव्हा ते घाबरले नव्हते, हसायला लागलो तेव्हा मात्र घरात निघून गेले.

बाळंतपणाच्या वेळी मी तिकडे येणार आहे. मुक्काम तुमच्याकडे, त्यांच्याकडे नाही. हे त्यानेच सुचवले. मला राग आला, पण त्याचे बरोबर आहे. तुमची दुकानामागची राहती खोली उभी आहे ना अजून? नसेल तर मोकळेपणाने कळवा. आणि त्या भांडीवाल्याकडून माझ्यासाठी एक पेला घेऊन ठेवा. तुमच्या दुकानाशी गद्दारी होते, पण इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सोडायला बसस्टॉपवर गेले. वाटेत तो पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "तुम्ही जपून राहा. तुम्ही वेळेवर जेवत जा." सगळे 'तुम्ही'. तो खिडकीशी बसला. मी खाली उभी राहिले. बस सुरू झाली तेव्हा मी म्हणाले, "अरे, काल भांडताना मला म्हणत होतास तसं म्हण की एकदा."

तो कानापर्यंत लाल झाला. पेशंटच्या तोंडात बघताना वाकतो तसा खिडकीतून वाकला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू काळजी घे हं. तू."

त्याच्या शेजारच्या सीटवर एक जाडजूड बाई बसल्या होत्या. त्यांना वाटले, हा त्यांनाच म्हणतोय. त्या ताडकन वळल्या, "कोण रे तू? ओळख ना पाळख, मला अगं-तुगं करतोस?" तेवढ्यात बस निघाली. मी हात हलवत होते. त्याचे माझ्याकडे लक्षच नव्हते. तो हात जोडून त्या बाईंना सांगत होता, आणि बस वळेपर्यंत मला ऐकू येत होते, "तुम्हाला नाही हो, तुम्हाला नाही. ती तिथे खाली उभी आहे ना, तिला."

तुमची,
विहीण